आवर्ती ठेवीच्या जाहिरातीत डुक्करच का? आपल्याकडचा प्राणी कोणता?

शाईचा_डाग
नमस्कार मंडळी. नाशिकला शरणपूर रोडवर आमचं जाहिरातीचं छोटं ऑफिस आहे, मी तिथे डिझाइनचं काम बघतो. सध्या एका नागरी सहकारी बँकेची जाहिरात हातात आहे. नवी आवर्ती ठेव, महिना शंभर रुपयांपासून. पेपरात पाव पान, चार रंग, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात.

बँकेकडून नमुना म्हणून एक चित्र आलंय: गुलाबी डुक्कर, पाठीवर फट, फटीत अर्धं गेलेलं नाणं. चित्र स्वच्छ आहे, संचालक मंडळाला आवडलंय. पण माझा हात चालत नाही. माझी आई त्याच बँकेची तीस वर्षांची खातेदार. तिला कच्चं डिझाइन दाखवलं. तिने चष्मा लावला, कागद लांब धरला, जवळ धरला आणि विचारलं, "हे डुक्कर पैसे खातंय का रे?"

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. बचतीच्या जाहिरातीत प्राणी असावाच का? असला तर नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला, म्हणजे भद्रकालीतल्या दुकानदारापासून निफाडच्या शेतकऱ्यापर्यंत, कोणता प्राणी बघून वाटेल की इथे पैसा ठेवावा? सोमवारी बँकेत बैठक आहे. मनापासून विचारतोय.

द्राक्षबागवाला
आईंनी एका वाक्यात निकाल दिला की.

आमच्याकडे पिंपळगाव पट्ट्यात रानडुक्कर म्हणजे रात्रीतून मका आडवा करणारं जनावर. राखणीला माणूस बसवावा लागतो. ज्याच्यामुळे नुकसान होतं त्याच्याच पाठीत पैसे टाका म्हणताय? आणि उसातला बिबट्याही घेऊ नका. मागे एका जाहिरातीत 'झेप घ्या' लिहून बिबट्या छापला होता. ज्यांच्या गोठ्यातलं वासरू गेलंय ते ती जाहिरात बघून पान उलटतात.

मालेगाव_लूम
आमच्याकडे तर हा प्रश्नच नाही, डुक्कर बघून माणूस बँकेची पायरी चढणार नाही. यंत्रमागावरचा कामगार आठवड्याला पगार घेतो, त्यातलेच शंभर-दोनशे बाजूला टाकतो. आवर्ती ठेवीचं खरं गिऱ्हाईक तो आहे. त्याला दुखावून काय मिळणार? शाईचा_डाग भाऊ, बैठकीत हे स्पष्ट सांगा. त्यांना चित्र गोड वाटत असेल, पण जिल्ह्यातला एक मोठा तालुका त्या चित्राने हातचा जाईल.

दारोदार_पिग्मी
मी बावीस वर्षं पिग्मी एजंट आहे. सातपूर, अंबड लिंक रोड, कामटवाडे हा माझा भाग. सकाळी भाजीवाले, दुपारी गॅरेज, संध्याकाळी पाणीपुरी आणि वडापावच्या गाड्या.

पिग्मीचा आणि पिगचा काही संबंध नाही, हे मला दर महिन्याला कुणाला तरी सांगावं लागतं. पिग्मी म्हणजे ठेंगणा, छोटा. सिंडिकेट बँकेने १९२८ साली ही योजना सुरू केली, रोज दोन आणे, एजंट घरी येऊन घेऊन जाणार. बँक उडुपीची, १९२५ ची. २०२० साली ती कॅनरा बँकेत विलीन झाली, पण शब्द आपल्याकडे असा रुजला की आता कुठल्याही बँकेच्या, पतसंस्थेच्या दैनंदिन ठेवीला लोक पिग्मीच म्हणतात. त्या बँकेच्या चिन्हात कुत्रा होता, इमानदार सोबती म्हणून. तो मला नेहमी पटायचा, कारण आमचं कामच ते. रोज त्याच वेळी, त्याच दारात, पाऊस असो की ऊन.

माझं मत: प्राणी घ्यायचाच तर रोज येणारा घ्या. चिमणी, कुत्रा, मुंगी. वर्षातून एकदा दिसणारा नको.

नांदूरचा_पाणपक्षी
रोज येणारा, हा मुद्दा शंभर टक्के पटला. आमच्या नांदूरमध्यमेश्वरला जानेवारी २०२० मध्ये रामसर दर्जा, म्हणजे पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जा, जाहीर झाला, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. त्या आनंदात आमच्या भागातल्या एका संस्थेने ठेव योजनेच्या पत्रकावर उडणारे रोहित पक्षी छापले. रंग सुरेख, छपाई सुरेख. आमच्या काकांनी पत्रक हातात घेऊन विचारलं, "म्हणजे पैसे हिवाळ्यात येणार आणि उन्हाळ्यात उडून जाणार?" त्यानंतर मला त्या चित्रात दुसरं काही दिसलंच नाही.

नाण्यांची_गोष्ट
थोडा इतिहास सांगतो, कारण 'डुक्कर परदेशी' हे पूर्ण खरं नाही. 'पिग' नावाच्या मातीच्या भांड्यावरून डुक्कर आलं ही इंग्रजी गोष्ट सगळीकडे फिरते. तिच्यावर फार विसंबू नका, पुरावा कच्चा आहे. उलट जावा बेटावर मजपहित राज्याच्या काळातले, चौदाव्या-पंधराव्या शतकातले, डुकराच्या आकाराचे भाजक्या मातीचे गल्ले सापडले आहेत. म्हणजे आशियातही हा आकार जुना आहे. पण जिथे डुक्कर घरी पाळत, खरकट्यावर वाढवत आणि गरजेला विकत, तिथे तो बचतीचा खराच अर्थ होता. आपल्या बहुतेक घरांत तो अर्थ कधी नव्हताच.

आपलं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेचंच उदाहरण घ्या. १९३५ साली बँक सुरू होताना मुद्रेसाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या दुहेरी मोहरेवरचं सिंह आणि ताडाच्या झाडाचं चित्र समोर होतं. सिंहाच्या जागी वाघ घेतला, कारण वाघ भारताचा जास्त वाटला. म्हणजे खुद्द मध्यवर्ती बँकेनेही प्राणी निवडताना 'हा इथला आहे का' हा प्रश्न विचारला होता. शाईचा_डाग, बैठकीत हेच सांगा. वेळ असेल तर एकदा अंजनेरीच्या नाणेसंग्रहालयात जाऊन या. हत्ती, बैल, सिंह, सगळे दोन हजार वर्षांपासून पैशांवर बसलेले दिसतील.

प्रेसवाल्यांची_लेक
वडील नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये होते. ती प्रेसही १९२८ चीच, वर पिग्मीचं साल वाचून गंमत वाटली. १९९६ च्या महात्मा गांधी मालिकेतली दहाची नोट आठवते? मागच्या बाजूला गेंडा, हत्ती, वाघ. लहानपणी मी वडिलांना विचारायचे, हत्ती पुढे का नाही. ते म्हणायचे, पैशावर जे छापतात ते लोक वर्षानुवर्षं खिशात घेऊन फिरतात, म्हणून आधी शंभरदा विचार करतात. पेपरातली जाहिरात दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते हे खरं, पण बँकेबद्दल मनात जे बसतं ते रद्दीत जात नाही.

सरळमार्गी
घुबड घ्या. लक्ष्मीचं वाहन, शिवाय शहाणपणाचं चिन्ह.

द्राक्षबागवाला
@सरळमार्गी, घुबड? घरावर बसलं तर आजी दगड मारायची.

सरळमार्गी
बंगालमध्ये लक्ष्मीपूजनाला लक्ष्मीसोबत पांढरं घुबड असतंच. अंधश्रद्धा आपण किती दिवस सांभाळायची? मी गंगापूर रोडला राहतो, आमच्या मागच्या विहिरीजवळ पिंगळ्यांची जोडी आहे. त्यांच्यामुळे उंदीर कमी झाले. जाहिरातीतून गैरसमज दूर झाला तर चांगलंच नाही का?

दारोदार_पिग्मी
भाऊ, तुमची भावना चांगली आहे, पिंगळा मलाही आवडतो. पण गैरसमज दूर करायचं ओझं त्या शंभर रुपयांवर टाकू नका. माझ्या गिऱ्हाइकाला मी रोज अर्धा मिनिट भेटतो. त्या अर्ध्या मिनिटात 'घुबड शुभ आहे' हे समजावू की वीस रुपये घेऊ?

रोटरी_मशीन
छपाईच्या बाजूने बोलतो. पेपरच्या छापखान्यात पंचवीस वर्षं झाली.

कुठलाही प्राणी घ्या, पण फोटो घेणार असाल तर केसाळ प्राणी टाळा. न्यूजप्रिंट शाई पितो, ठिपका पसरतो. स्क्रीनवर ५० टक्के दिसणारी छटा कागदावर ७५ च्या घरात जाते. केसांमधल्या बारीक सावल्या भरून जातात. एकदा एका ठेव योजनेच्या जाहिरातीत खारीचा फोटो आला होता. मूळ फोटो अप्रतिम, प्रत्येक केस मोजता यावा असा. रात्री दोन वाजता पहिली प्रत मशीनवरून उतरली, मी दिव्याखाली धरली, तर पाठीवरचे पट्टे गायब, शेपटी काळी, डोळा दिसेना. तो सरळ सरळ उंदीर होता. वर मोठ्या अक्षरात 'आपली पुंजी सुरक्षित'. मशीन थांबवता येत नव्हतं. सकाळी जिल्हाभर उंदीर गेला.

म्हणून रेषाचित्र काढा. जाड रेघ, सपाट रंग, चारही शाया मिळून २४० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. आणि बारीक अक्षरं काळ्यावर पांढरी उलटी काढू नका. रंगांची जुळणी जरा सरकली की व्याजदर वाचता येत नाही.

कायद्याचं_बोला
रेषाचित्राला माझाही पाठिंबा. आज पेपरात दिलेली जाहिरात उद्या व्हिडिओ म्हणूनही मागतात. जाहिरातपटात जिवंत प्राणी वापरायचा तर २००१ च्या नियमांप्रमाणे प्राणी कल्याण मंडळाची परवानगी घ्यावी लागते. चित्रातल्या प्राण्याला ना दिव्यांचा त्रास, ना गाडीतून आणण्याचा. आणि एक आठवण. मोबाइल कंपनीच्या त्या पग कुत्र्याच्या जाहिरातीनंतर घरोघरी पग आले. चपट्या नाकामुळे त्या जातीला श्वासाचा त्रास असतो, आपल्याकडच्या उन्हात तर हाल. जाहिरातीतला प्राणी लोकांच्या घरापर्यंत पोचतो, एवढं भान ठेवा.

पेठची_ताई
मी पेठ आणि त्र्यंबक तालुक्यात महिला बचत गटांचं काम करते. सगळे चिन्ह म्हणून प्राणी शोधताहेत. आमच्याकडे प्राणी हीच बचत आहे.

शेळीला गरिबाची गाय म्हणतात ते उगाच नाही. पाच महिन्यांत विते, बऱ्याचदा जुळी होतात, दोन वर्षांत तीन वेत येतात. आपल्या भागाची स्वतःची जात आहे, संगमनेरी. गटातल्या बाईला विचारलं, पैसे कुठे ठेवतेस, तर ती गोठ्याकडे बोट दाखवते. लेकीची फी आली, एक बोकड. नवऱ्याला दवाखान्यात न्यायचं, एक शेळी. बँकेत पैसे काढायला फॉर्म, सही, अंगठा, रांग. शेळीला बाजारापर्यंत दोरी.

मागच्या पावसाळ्यात एका बाईच्या चार शेळ्या रोगाने गेल्या. तिच्या अंगणात चार दोऱ्या खुंट्याला तशाच बांधलेल्या होत्या. ती म्हणाली, "ताई, माझं पासबुक मेलं." त्या दिवशी मी पहिल्यांदा तिला आवर्ती ठेवीचं नीट समजावून सांगितलं. शेळी ठेवच, पण सगळा जीव एका खुंट्याला बांधू नकोस. आता ती महिन्याला दोनशे भरते.

म्हणून माझा आग्रह शेळीचा. गुलाबी नाही, गोंडस नाही. खुंट्याची दोरी आणि शेळी. ज्यांना कळायचं त्यांना एका नजरेत कळेल.

मालेगाव_लूम
ताई, हे वाचून बराच वेळ दुसरं काही वाचवलं नाही.

सरळमार्गी
ताईंचा अनुभव फार मोलाचा आहे, पण शहरात अडचण होईल. 'बकरा बनवला' म्हणजे फसवला. शेळी बघितली की कॉलेज रोडची पोरं पहिलं वाक्य तेच म्हणतील. आणि म्हण आहेच, शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. बँकेच्या जाहिरातीखाली ही म्हण कुणाला आठवली तर संपलंच.

पेठची_ताई
हो, हे मान्य. शहरासाठी नको. पण आमच्या तालुक्यांतल्या शाखांच्या पत्रकावर तरी शेळीच ठेवा.

ठेवीदार_आजी
मी बहात्तर वर्षांची आहे. मुलाने टाइप करून दिलं तरच लिहिता येतं, म्हणून उशीर.

आमच्या 'ह्यां'च्या निवृत्तीचे पैसे आम्ही एका पतसंस्थेत ठेवले होते. नाव घेत नाही. तिची जाहिरात पेपरात यायची, झूल घातलेला हत्ती आणि खाली 'भक्कम पाया'. मी त्या हत्तीवर विश्वास ठेवला. खरं सांगते, दाराशी येणाऱ्या एजंटपेक्षा त्या हत्तीवर जास्त. हत्ती म्हणजे गणपती, हत्ती म्हणजे लक्ष्मी, एवढंच डोक्यात. संस्था अडचणीत आली. सात वर्षांनी मुद्दलातला काही भाग मिळाला. हे तोपर्यंत गेले होते.

तुम्ही सगळे चांगला प्राणी शोधताय, शोधा. पण चित्राने माणसाचं मन मऊ होतं, मग तो बारीक अक्षरं वाचत नाही. माझं तेच झालं. त्या जाहिरातीत विम्याचा शब्द नव्हता, आणि तो का नाही हे मी विचारलं नाही.

कायद्याचं_बोला
आजी, तुमच्या लिहिण्याने इथल्या अनेकांचे पैसे वाचतील.

सगळ्यांसाठी नीट लिहितो. बँकेतली ठेव, सहकारी बँक असली तरी, ठेव विमा महामंडळाकडे विमा उतरवलेली असते. ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेमागे ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, मुद्दल आणि व्याज मिळून. आधी ते १ लाख होतं. एकाच बँकेच्या चार शाखांत ठेवली तरी मर्यादा एकच. २०२१ च्या दुरुस्तीनंतर रिझर्व्ह बँकेने पैसे काढण्यावर निर्बंध घातले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळण्याची तरतूद आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला मात्र हा विमा नाही. पतसंस्थेकडे बँकेचा परवाना नसतो, म्हणून तिला नावात 'बँक' लावता येत नाही. जाहिरात बघताना आधी हा शब्द शोधा, मग हत्ती बघा.

रोटरी_मशीन
शाईचा_डाग, विम्याची ओळ १२ पॉइंटच्या खाली नको. मी सांगतो, वाचली जाते.

दामदुप्पट
ससा कुणी सुचवला नाही? एकाचे दोन, दोनाचे चार.

कायद्याचं_बोला
नको. ७ टक्के व्याज, तिमाही चक्रवाढ धरली तरी पैसे दुप्पट व्हायला दहा वर्षं लागतात. सशाचं कुटुंब काही महिन्यांत वाढतं. चित्रच खोटा दर सांगेल. पटकन दुप्पट करून देतो म्हणणाऱ्यांनी आपल्या जिल्ह्यात काय करून ठेवलंय ते सगळ्यांना माहीत आहे.

पंचवटीकर
चार दिवस धागा वाचतोय. रोटरी_मशीन यांनी ज्या खारीचा उंदीर झाला म्हटलं, तिच्यापाशीच मला थांबावंसं वाटतं.

परदेशी जाहिरातींत खार असते ती थंडीसाठी दाणे पुरून ठेवणारी. आपल्याकडे बर्फ पडत नाही, त्यामुळे तो अर्थ पोचत नाही. पण मराठीत खारीला स्वतःचा अर्थ आहे, तो पंचवटीत राहणाऱ्याला सांगायला नको. सेतू बांधताना ती वाळूत लोळायची आणि अंगाला चिकटलेले कण दगडांच्या फटीत झटकायची. पाठीवरचे पट्टे ही रामाची बोटं. 'खारीचा वाटा' आपण रोज म्हणतो. वर्गणी देताना, लग्नात आहेर देताना, गावच्या शाळेला पंखा देताना. छोटं आहे, पण माझं आहे, आणि ते मोठ्या कामाला लागतंय.

महिना शंभर रुपयांच्या ठेवीला याहून चपखल काय असेल? सकाळी रामकुंडावर वडाखाली बघा, खार एका जागी दोन क्षण थांबत नाही. येते, उचलते, जाते, परत येते. दारोदार_पिग्मी दादा म्हणाले तसा हा रोज येणारा प्राणी आहे.

दारोदार_पिग्मी
हे मनात बसलं. माझ्या वहीतल्या एकेका सहीला मी आता खारीचा वाटाच म्हणणार.

सरळमार्गी
रामायणातली गोष्ट बँकेच्या जाहिरातीत चालेल? सगळ्या समाजाचे खातेदार आहेत.

मालेगाव_लूम
मी सांगतो. आमच्या लूमवर मुकादम मदरशाच्या बांधकामाची वर्गणी गोळा करताना म्हणतो, "खारीचा वाटा द्या." शब्द मराठीचा झाला, तो सगळ्यांचा आहे. राम, सेतू, धनुष्य काही दाखवू नका, नुसती खार दाखवा. आमच्या माणसाला झाडावरची खार दिसेल, पंचवटीकरांना सेतूवरची. दोघंही पैसे भरतील.

शाईचा_डाग
मंडळी, सोमवारची बैठक झाली.

तीन कच्ची डिझाइनं नेली होती: बँकेचं डुक्कर, शेळी आणि खार. डुकराबद्दल आईचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. अध्यक्ष थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "माझीही आई हेच म्हणाली असती." मालेगावचा मुद्दा मांडल्यावर डुकरावर चर्चा थांबली.

शेळीचं चित्र पेठ शाखेच्या व्यवस्थापकांनी मागून घेतलं. ताई, ते पत्रकासाठी वापरणार आहेत. खुंट्याची दोरी ठेवली आहे, आणि मजकूर तुमच्याकडून तपासून घ्यायचं ठरलंय.

पेपरसाठी खार. रेषाचित्र आहे, ती पाठमोरी आहे, अंगाला वाळूचे सात-आठ कण चिकटलेत. तोंड दाखवलं नाही, कारण तोंड काढलं की ती गोंडस होते आणि मग लोक चित्रच बघत बसतात. वर एकच ओळ: 'महिना शंभर. तुमचा खारीचा वाटा.' त्याखाली व्याजदर, मुदत आणि मुदतीआधी मोडल्यास काय कापलं जाईल ते, सगळं एकाच आकारात. विम्याच्या ओळीवरून वाद झाला. एका संचालकांचं म्हणणं, विमा लिहिला की लोकांना वाटतं बँक बुडणार आहे. मी आजींचा प्रतिसाद छापून नेला होता, नाव नव्हतंच. तो वाचून दाखवला. ओळ राहिली, १४ पॉइंटमध्ये.

आजी, तुम्हाला न विचारता ते वाचलं, त्याबद्दल माफ करा.

ठेवीदार_आजी
विचारायची गरज नव्हती. छापून आली की कात्रण पाठव.

रोटरी_मशीन
पाठीचे पट्टे कोणत्या टक्क्यांत दिलेत?

शाईचा_डाग
काळ्याचे १५.

रोटरी_मशीन
१५ नको, भरून जातील. पट्टे कोरेच सोड, कागदाचा रंग दिसू दे. आणि वाळूचे कण दीड मिलिमीटरच्या खाली नको. फाइल गुरुवारी दुपारी तीनच्या आत पाठव, त्या रात्री मशीनवर मीच आहे.